आडमुठे, नंबर तीन

कबड्डीच्या निवडीत काट्यावर मी एकोणनव्वद भरलो.
मर्यादा पंच्याऐंशीची.
सरांनी काट्याला दोनदा लाथ मारली, आकडा हलला नाही.
सांगलीहून परतीच्या एसटीत खिडकीबाहेर बघत म्हणाले,
'वजनाला कुणी नावं ठेवत नाही असा एक खेळ आहे, भरतेश.
चेंडू तेवढा वेडाविद्रा असतो.'

तो चेंडू समडोळीत आला
आणि आईनं उंबऱ्यातच अडवला.
'अंडंच की हे.'
'रबर आहे गं नुसतं.'
'आकार बघ त्याचा. जैनाच्या चुलीपाशी न्हाई यायचं.'
मग तीन वर्षं तो परड्यात राहिला,
भुईमुगाच्या पोत्यांमागं,
आणि पहाटे माझ्याबरोबर वारणेकाठी.
उसाच्या मोळ्या उभ्या करायच्या, खांद्यानं पाडायच्या.
पाचट गाल कापत जायचं.
तोडणीवाल्या बाया कोयते थांबवून विचारायच्या,
'पैलवान, भांडण कशावरनं?'

करार सात पानांचा, इंग्रजीत.
तात्यांनी चष्मा पुसून सगळी पानं उलटली,
आकडे दिसले तिथंच बोट थांबलं.
अकरा महिन्यांचे रुपये किती होतात
ते सोसायटीच्या सेक्रेटरीनं पाठकोऱ्या बाजूला पेन्सिलीनं काढून दिलं.
'आणि हाड मोडलं तर?'
ते पाचव्या पानावर होतं.
मी वाचून दाखवलं नाही.

कोलंबोत जर्सीवर आडनाव छापलं.
लाउडस्पीकरवाला 'अडमूथ' म्हणायचा.
कोचनं अर्थ विचारला,
म्हटलं, सांगूनही जो हलत नाही तो.
तो टेबल बडवून हसला.
पुढच्या सामन्यात मी नंबर तीन,
स्क्रमच्या उजव्या टोकाला,
जिथं मागच्या सगळ्यांचं वजन एका मानेतून पुढं जातं
आणि गवताची चव दातांत येते.

आहाराच्या बाई तक्त्यात रोज चार अंडी लिहायच्या.
मी रोज ती खोडून शेंगदाणे लिहायचो, मूग लिहायचो,
आणि खाली सही.
एवढं निभावलं.
पण सराव दिव्यांखाली चालायचा, साडेआठपर्यंत,
आणि दिवस तिथंही सहालाच बुडायचा.
नऊ रात्री दूधसुद्धा न घेता झोपलो.
दहाव्या रात्री जेवलो.
पोटभर जेवलो.
हे घरी अजून सांगितलेलं नाही.

तिसऱ्या सामन्यात खांदा निखळला.
पोत्याची शिवण उसवावी तसा आवाज,
आणि तो सगळ्यात आधी मलाच ऐकू आला.

आता सहा आठवडे इथं.
उजवा हात गळ्यात, डाव्या हातानं म्हशीला पाणी.
गावात विचारतात, 'सुट्टी का?'
मी 'व्हय' म्हणतो.
क्लबचा मेसेज दर सोमवारी येतो, एका शब्दाचा, प्रश्नचिन्हासकट.
मी अंगठा पाठवतो.
तीन नंबरवर सध्या कुणी कँडीचा पोरगा आहे.
चांगला आहे. व्हिडिओ बघितला.
पुन्हा एकदा बघितला.

संध्याकाळी मगदुमांचा पार्श्व परड्यात येतो, वय नऊ.
'शिकव की.'
'पळायचं पुढं. चेंडू द्यायचा मागं.'
'पुढं न्हाईच द्यायचा?'
'न्हाई.'
'मग असला कसला खेळ?'
असं म्हणून त्यानं लाथ घातली.
चेंडू पोत्यांवर आपटला, न्हाणीच्या दगडावर आपटला,
आणि कुठं उसळायचं ते स्वतःचं स्वतः ठरवून
सरळ स्वयंपाकघरात.

आम्ही दोघं दारात थिजलेलो.
आई चुलीसमोर. भाकरी तव्यावर.
तिनं पदर हाताला गुंडाळला, चेंडू उचलला,
आणि मान न वळवता
खांद्यावरून मागं फेकला.

नेमका माझ्या डाव्या हातात.

'जेवून घे,' ती भाकरी उलटत म्हणाली,
'दिवस बुडतोय.'